धोंडिरामचं मतपरिवर्तन

धोंडिरामच्या पुण्यानुमोदनाला मांडव भरला होता. सांगलीजवळच्या त्या गावात माणूस गेला की चार जणांनी माइकवर बोलायचं, हा रिवाजच. खरंच बोललं पाहिजे, असं मात्र कुणावर बंधन नसतं. पुढच्या खुर्चीत जिनदत्त बसला होता आणि त्याचा मुलगा अरिहंत बोलत होता.

धोंडिराम सूतगिरणीतला युनियनवाला, पक्का कम्युनिस्ट. जिनदत्त द्राक्षबागायतदार. मालकी असल्याशिवाय माणूस मन लावून राबत नाही, हे त्याचं ठाम मत. रोज दुपार उतरली की धोंडिराम त्याच्या शेडवर यायचा आणि वाद सुरू. भावकीच्या सामायिक विहिरीचं पाणी पाळीनं घेता, मग गिरणीलाच मालक कशाला लागतो, असं धोंडिराम विचारायचा. त्या विहिरीची मोटर जळली की कोण धावतं आणि कोण तोंड लपवतं, ते एकदा येऊन बघ, असं जिनदत्त सुनवायचा. रशियापासून बंगालपर्यंत सगळं उकरून व्हायचं. दिवस कलला की जिनदत्त उठायचा, कारण जैनाचं जेवण सूर्य मावळायच्या आत. धोंडिराम नेमका तेव्हाच आपला हुकमी मुद्दा काढायचा आणि सूर्यसुद्धा भांडवलदारांना सामील आहे म्हणून चिडवायचा.

अरिहंतला यंदा जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं, त्यामुळे तो सगळ्यांना गोड लागेल असं बोलत होता.

"काका शेवटी बदलले होते," तो म्हणाला. "लाल झेंड्याचा हट्ट त्यांनी सोडला होता. आमच्या अण्णांचे विचार त्यांना पटले होते."

लोकांनी माना डोलावल्या. फोटोशेजारी बसलेल्या धोंडिरामच्या बायकोनं, बनाबाईनं, मात्र मान हलवली नाही.

जन्मभर जे जिंकायची जिनदत्तला हौस होती ते आयतं पदरात पडत होतं, आणि ते त्याला नको होतं. गप्प बसलं तर पोराचं भलं होतं. बोललं तर भर सभेत त्याचं नाक कापलं जाणार. पण उद्यापासून गाव हेच खरं धरणार होतं, आणि धोंडिरामला काही उठून भांडता येत नव्हतं.

तो उठला आणि त्यानं माइक मागून घेतला.

"पोरगं खोटं बोललं. धोंडिराम कम्युनिस्ट म्हणूनच गेला. दवाखान्यात नाकात नळी असतानाबी माझ्याशी भांडला. त्याचं मत चूक हुतं, हे मी आजबी म्हणतो. पण ते त्याच्या मालकीचं हुतं. दुसऱ्यानं त्यावर हात मारू नये."

अरिहंत जेवायला थांबला नाही. मांडव पांगल्यावर बनाबाई जिनदत्तजवळ आली.

"अण्णा, तुमचं मत कवा बदललं काय हो?"

आज तरी तिच्या मनासारखं बोलावं, असं त्याला फार वाटलं. पण जीभ वळेना.

"न्हाई, वहिनी."

"बरं झालं," ती म्हणाली. "ते लय भ्यायचे. म्हणायचे, जिनदत्त एकदा व्हय म्हणाला, तर सांजचं मी कुणाकडं जाऊ?"