कपाटाची मागची बाजू

मामांनी जीव ओतून लिहिलेली पानं चष्मेवाल्या बाईंनी अंगठ्याच्या एका दाबात उडवून लावली.

बाईंचं चष्म्यांचं दुकान तळमजल्यावर. वरच्या खोलीत मामांची भाची व्हिडिओ गेम बनवायची आणि काही नवं झालं की बाईंना खेळून बघायला बोलवायची. गेम साधाच होता. नवरा-बायको लोकांचं सामान हलवतात, अरुंद जिन्यांवरून कपाटं चढवतात. मध्येच बायको वारते, नवरा काम चालू ठेवतो. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासलेल्या मामांना पहिल्यांदाच स्वतःचं काही लिहायला मिळालं होतं. त्यांनी लग्न, भांडणं, आजारपण, सगळं लिहिलं होतं.

"वाचलं नाहीत?" मामांनी चाचरत विचारलं.

"अहो काका, हातात कपाट असताना कोण वाचत बसतं? आधी वळवू द्या ते!"

बाई खाली गेल्यावर भाची म्हणाली, "मामा, कोणीच वाचत नाही रे. नुसतं कपाट चढवायलाच मजा येते त्यांना. बायकोला काढून टाकू या का?"

मामा नाही म्हणणार होते. पण बाईंचं चुकलं कुठे होतं? मामांनी स्वतः घर बदलताना कपाटाला मागून खांदा लावला, तेव्हा डोळ्यांसमोर फक्त लाकूड होतं. पुढे त्यांची बायको होती, तीच बोलत होती. आणि बोलत काय होती, तर डावीकडे. पायरी आहे. थांबा, बोट अडकलं.

त्यांनी सगळी पानं काढून टाकली आणि भाचीला मूठभर शब्द दिले. "खेळणाऱ्याला फक्त कपाटाची मागची बाजू दिसू दे. वाट बायको सांगेल. ती गेल्यावर पुढे कोणी हमाल असेल, तो बोलणार नाही."

"आयुष्यातलं पहिलं लिखाण, आणि त्यात नुसतं 'डावीकडे'?"

"'जपून'सुद्धा आहे," मामा पुटपुटले.

बाई पुन्हा आल्या. या वेळी त्या पडद्यातल्या आवाजाशी भांडत खेळल्या. "कळलं गं, वळतेय!" मग एका घरात कपाट उचललं आणि आवाजच आला नाही. कपाट भिंतीवर आदळलं. पुन्हा आदळलं. आता या म्हणणार, तुमचा गेम बिघडलाय, असं मामांना वाटलं.

बाईंनी कपाट जिन्याच्या वळणावर खाली टेकवलं. गेमने तसं सांगितलं नव्हतं.

"पुढे न्या ना," भाची हळूच म्हणाली.

"थांब गं जरा," बाई म्हणाल्या. "येऊ दे तिला."