बँडसॉची खोड

माझी थोरली बहीण दहा महिने बँडसॉ घेत होती. घेत होती म्हणजे घेत नव्हती.

ताईने चौतीस वर्षं औषधांच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये पावडरी तोलल्या. दशांश चिन्हापुढचे तीन आकडे जुळल्याशिवाय तिने कधी सही ठोकली नाही. मी शिवणकाम करणारी. कापडावर खडूची रेघ ओढली की कात्री चालवायची. विचार करत बसलं की हात चळतो. ती रिटायर होऊन माझ्याकडे राहायला आली, आणि रिकाम्या गॅरेजात आम्ही दोघी लाकडाची कोडी करायला लागलो. मासा, कासव, हत्ती. पाच-सहा तुकड्यांत सुटणारे आणि परत जुळणारे. आधी नुसता छंद होता. मग गल्लीच्या टोकाच्या बालवाडीतल्या बाईंनी चाळीस मासे मागितले, आणि छंद मानगुटीवर बसला.

सगळं आम्ही बारीक पात्याच्या हातकरवतीने कापायचो. अकराव्या माशाला माझं मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाले, करवत बंद. ताई म्हणाली, "मग बँडसॉच घेऊ." एकावर एक दोन चाकं, त्यांच्यावरून पट्ट्यासारखं फिरणारं पातं आणि मध्ये टेबल. लाकूड पुढे सरकवायचं, हवं तसं वळण निघतं. मला वाटलं, आठवड्याभरात येईल.

ताईने वही काढली. वहीत रकाने पाडले. चाक केवढं, किती जाड लाकूड कापणार, मोटर किती ताकदीची, टेबल बिडाचं की पत्र्याचं, सुटे भाग मिळतात का. आमचं गॅरेज लहान, पैसेही बेताचेच, त्यामुळे दर जास्त नको आणि माल कमी नको, एवढंच तिचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतंच. पण घरात दुसरा विषय उरला नाही. जेवताना बँडसॉ, कपडे वाळत घालताना बँडसॉ.

"ताई, हा घे ना. नऊ इंची आहे, स्वस्त आहे, सगळ्यांनी चांगला म्हटलाय."

"सगळ्यांनी म्हणजे चारशे बारा जणांनी. त्यातल्या एकवीस जणांचं पातं चाकावरून उतरतं."

"बाकीच्यांचं नाही ना उतरत?"

"त्यांनी अजून नीट वापरला नसेल."

अशा माणसाशी काय बोलणार? सहाव्या महिन्यात बालवाडीच्या बाईंचा फोन आला. "घाई नाही हं," त्या म्हणाल्या. घाई नाही असं सांगायला कुणी फोन करतं का? माझं डोकं फिरलं. ताई अंघोळीला गेली होती तेवढ्यात मी तोच नऊ इंची बँडसॉ मागवून टाकला.

खोकं आलं. ताईने चष्म्यावरून एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी ऐटीत मशीन जोडलं, बटण दाबलं, आणि टेबलावरचा पेन्सिलचा तुकडा थरथरत जाऊन खाली पडला. फळी लावली तर पातं रेघ सोडून डावीकडे पळायला लागलं. मी उजवीकडे ओढलं, ते आणखी डावीकडे. माशाचं शेपूट तिरकं निघालं. जरा जाड ठोकळा लावला तर मोटरने हुंकार दिला आणि मान टाकली.

ताई बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. तिने वही उघडली, त्या मॉडेलसमोर एक बारीकसं टिंब दिलं आणि वही मिटली. ते खोकं परत पाठवायला मला तीन आठवडे लागले. एकदा बाहेर काढलेलं थर्माकोल परत आत बसत नाही, हे मी तेव्हा शिकले.

त्यानंतर कुठल्या तोंडाने घाई करणार? मी गप्प बसले. नवव्या महिन्यात ताईलाच एक जाहिरात सापडली. 'विकणे आहे. चौदा इंची बँडसॉ, बिडाचा, एकहाती वापरलेला. उगाच चौकशी करू नये.'

"शेवटचं वाक्य आवडलं मला," ताई म्हणाली.

आम्ही पत्ता शोधत गेलो. दार विकणाऱ्या काकांच्या सुनेने उघडलं. आम्हाला आत घेता घेता ती हळूच म्हणाली, "आधीच सांगते, सात जण येऊन गेले. बाबांना एकही पसंत पडला नाही."

तिचे सासरे ऐंशीच्या घरातले, ताठ, कानाला हात लावून ऐकणारे. जन्मभर त्यांनी फाउंड्रीसाठी लाकडी साचे केले होते; त्या साच्यांवरून तिथे लोखंड ओतायचे. तळमजल्याच्या खोलीत मशीन उभं होतं, माझ्या खांद्याएवढं, हिरव्या रंगाचं. टेबल आरशासारखं गुळगुळीत.

"काय कापणार?" काकांनी विचारलं.

"मासे," मी म्हटलं.

"काय?"

"लाकडाचे मासे! मुलांसाठी!" मी ओरडले.

"माझे कान शाबूत आहेत," ते म्हणाले. "हे मशीन मांजरीच्या पावलांनी चालतं. ऐका." आणि त्यांनी ते सुरू केलं. ताईने पर्समधून एक नाणं काढून टेबलावर कडेवर उभं केलं. नाणं उभंच राहिलं. काकांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"विचार करते," ताई म्हणाली.

"करा, करा! विचार न करता घेणाऱ्याला मी देतच नाही."

मला दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

पुढच्या आठवड्यात परत गेलो. दोघं दीड तास पात्याच्या दातांबद्दल बोलले. मी सुनेबरोबर स्वयंपाकघरात चहा पीत बसले.

"तुमच्या ताई नेहमी अशाच?" तिने विचारलं.

"जन्मल्यापासून. आणि बाबा?"

"माझं लग्न ठरवायला त्यांनी चौदा महिने घेतले," ती म्हणाली. मग कपाकडे बघत राहिली. "त्या खोलीत माझी आई यायचीय. तिला जिना चढवत नाही. चार महिने म्हणतात, उद्या विकतो."

त्या दिवशीही "विचार करते" झालं. परत येताना मी बसमध्ये ताईशी बोललेच नाही. घरी आल्यावर मात्र तोंड सुटलं. "तुला घ्यायचाच नाहीये! तुला फक्त बघायचंय! माझं मनगट, त्या बाईंचे मासे, त्या पोरीची आई, सगळे तुझ्या वहीसाठी खोळंबलेत!"

ताई रागावली नाही. "त्या मशीनमध्ये काहीतरी आहे," ती म्हणाली. "काय ते कळत नाहीये."

तिसऱ्या खेपेला तिने काकांना मशीन दहा मिनिटं सलग चालवायला सांगितलं आणि स्वतः वरच्या चाकाशी कान नेऊन उभी राहिली. मी भिंतीला टेकून छताकडे बघत होते.

"वर घरघर आहे," ताई मोठ्याने म्हणाली. "बेअरिंग गेलंय."

"शक्य नाही!"

दारातून सून म्हणाली, "बाबा, वर्षभर आहे."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू गेलं नाही."

काकांनी कोपऱ्यातली एक गोल काठी उचलली. तिचं एक टोक मागच्या बाजूने चाकाच्या आसाला लावलं, दुसरं कानामागच्या हाडावर टेकवलं आणि डोळे मिटले. हाडातून त्यांना ऐकू आलं असणार. चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी मशीन बंद केलं.

"विकायचं नाही," ते म्हणाले. "बिघडलेली वस्तू मी कधी कुणाच्या हातात दिली नाही."

सुनेने डोळे मिटून घेतले. आता सगळं मुसळ केरात, असं मला वाटलं. तेवढ्यात ताई म्हणाली, "मी घेते."

"काय?" हे मीच विचारलं. मला नीट ऐकू येत असूनही.

"खोड कळली ना आता. खोड कळली की घ्यायला भीती नाही."

"अगं, म्हणजे दहा महिने तू खोड शोधत होतीस? मग मी आणलेल्यात तर खोडीच खोडी होत्या!"

"त्या काढता येण्यासारख्या नव्हत्या. ही येते. दोन बेअरिंग बदलली की झालं."

किमतीवरून वाद झालाच, पण उलटा. काका कमी करायला निघाले आणि ताई कमी करू देईना. शेवटी सूनच म्हणाली, "बेअरिंगचा खर्च वजा करा आणि संपवा!" तेव्हा कुठे दोघांनी मान डोलावली. बेअरिंग बदलल्याशिवाय मात्र मशीन हलू द्यायचं नाही, यावर काका ठाम होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत जमिनीवर बसून जुनी बेअरिंग काढली, कारण त्यांचे हात थरथरत होते आणि ताईला ग्रीसचा वास सहन होत नाही. काका वरून ओरडत होते, "जोर लावू नका! सुटेल!" मनगट दुखत होतं, पदर काळा झाला होता, आणि विचार करणारे दोघं उभे राहून मला शिकवत होते.

शनिवारी टेम्पो आला. काका न विचारता ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. गॅरेजात मशीन उभं झालं, तेव्हा त्यांनी ती काठी लावून ऐकलं, मग माझ्या हातात दिली. मी कानामागे टेकवली. एकसारखी, शांत गुणगुण.

"कापा," ते म्हणाले.

मी फळी सरकवली. पातं रेघेवरून असं गेलं, जसं मापात बसलेल्या कापडावरून कात्री जाते. माशाची पाठ, वळण, शेपूट; मनगटाला कळलंसुद्धा नाही. काकांनी तुकडा उचलून अंगठ्याने कडा तपासली, आणि तो खिशात टाकला. मी मागितला नाही.

चार दिवसांत राहिलेले मासे झाले. सुनेचा फोन आला, तिची आई खोलीत आली होती आणि काका तिला खिडकी कोणत्या कोनात उघडावी ते समजावत होते. मंगळवारी आम्ही दोघी चाळीस मासे घेऊन बालवाडीत गेलो. बाईंनी एक मासा सोडवून परत जुळवला, खूश झाल्या आणि म्हणाल्या, "आता हत्ती करून द्याल का? पन्नास?"

ताईने श्वास घेतला. ती तोंड उघडायच्या आत मी "हो" म्हणून टाकलं.