वळणावरच्या आरशाची फिर्याद

मित्रांनो, तुम्ही ज्याच्यासमोर उभे राहून भांग पाडता, तो आरसा मी नव्हे. मी रस्त्यावरचा जुना आरसा. चढ संपतो आणि रस्ता एकदम डावीकडे वळतो, तिथे एका लोखंडी खांबावर मी उभा आहे. माझे पोट पुढे आलेले आहे, पण मला त्याची लाज वाटत नाही. त्या फुगीरपणामुळेच वळणापलीकडून येणारी गाडी अलीकडच्या माणसाला आधी दिसते. आज मी तुम्हाला माझी कहाणी सांगणार आहे. ती गोड लागेल असे वचन देत नाही, कारण मी रागावलेलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेला पातळ पत्रा साच्यावर दाबून मला फुगवले, घासून घासून चकाकी आणली आणि पाठीला नारिंगी रंग दिला. तपासणीच्या बाईंनी मला तोंडासमोर धरले. माझ्यात त्यांचे नाक भोपळ्याएवढे दिसले. त्या खुदकन हसल्या आणि मला पास करून टाकले.

या वळणावर मी आलो तेव्हा इथे शिरीषाचे एक झाड आधीपासून उभे होते. ते इतके थोराड होते की मला बसवणाऱ्यांनी माझा खांब त्याच्या बुंध्यापासून चांगला पुढे रोवला. मी पुढे आणि तो मागे, अशी आमची जोडी जमली. दुपारचे ऊन तो आपल्या अंगावर घेई. त्यामुळे माझी चकाकी कोणाच्या डोळ्यांत जात नसे. उन्हाळ्यात त्याची मऊ, केसाळ फुले गाड्यांच्या टपावर पडत आणि लोक ती तशीच घेऊन जात.

आम्ही दोघांनी किती जणांना वाचवले ते विचारू नका. वाचलेल्या माणसाला आपण वाचलो हे बहुतेक वेळा कळतही नाही. शाळेची बस चालवणाऱ्या मावशींना मात्र कळे. वळण आले की त्या मुलांना म्हणत, "थांबा, आरसेबुवांना विचारते." मग मुले मला हात करत. एकदा एक ट्रक हॉर्न न वाजवता, रस्त्याची चुकीची बाजू धरून सुसाट खाली आला. मावशींनी तो माझ्यात पाहिला आणि बस जागच्या जागी थांबवली. ट्रक बसला घासता घासता निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्या लांब दांड्याला ओले फडके बांधून आल्या आणि त्यांनी मला लख्ख पुसले. त्यानंतर आजवर मला कोणी पुसलेले नाही. मावशीही निवृत्त झाल्या.

आमच्या मागे पूर्वी कचऱ्याचा खड्डा होता. वस्तीतल्या लोकांनी तो स्वतः साफ केला, माती आणून टाकली, हिरवळ केली, बाक आणि घसरगुंडी बसवली आणि तिथे सर्वांसाठी बाग उभी केली. बागेच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे आप्पा. आप्पा कामाला खमके होते, खोटे कशाला बोलू? पण फोटो म्हटला की ते सगळे विसरत.

बागेचे उद्‌घाटन झाले त्या दिवशी सगळे फाटकाशी फोटोसाठी उभे राहिले. फाटक नेमके माझ्याजवळ. सकाळचे ऊन माझ्यावरून थेट कॅमेऱ्यात जाऊ लागले आणि फोटोवाला कुरकुरू लागला. आप्पांनी फुगे बांधायला आलेल्या माणसाला शिडीसकट बोलावले. "दोन मिनिटं फिरव रे त्याला तिकडे," ते म्हणाले. त्याने माझे नट सैल केले, माझे तोंड तिरके करून बागेकडे वळवले आणि नट पुन्हा आवळले. फोटो झकास आला. शिडी गेली, फुगे गेले, लोक घरी गेले. मी तसाच राहिलो.

मित्रांनो, आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? वळणावर आलेला माणूस सवयीने माझ्याकडे बघे. माझ्यात त्याला फुलांचे ताटवे दिसत, बाक दिसे, गाडी एकही दिसत नसे. तो निर्धास्त वळे आणि समोर अचानक दुसरी गाडी उभी ठाके! पाववाल्याच्या गाडीने असा करकचून ब्रेक मारला की पाव रस्ताभर झाले. एक मोटारसायकलवाला कुंपणात शिरला आणि त्याचे कोपर सोलून निघाले. जन्मभर खरे बोललेल्या माझ्याकडून हे लोक रोज खोटे वदवून घेत होते आणि त्याचा कोणाला पत्ताही नव्हता.

दोष कोणाला दिला असेल? शिरीषाला. म्हणे, त्याचा बुंधा आड येतो. अरे, तो काय काल उगवला होता? बाग नव्हती तेव्हाही तो तिथेच होता आणि तेव्हा कोणाचे पाव सांडत नव्हते! पण समितीची बैठक बसली. झाड काढायचे ठरले. ही बैठक कुठे बसली होती ठाऊक आहे? शिरीषाच्या सावलीत, कारण बागेत दुसरीकडे ऊन होते. पालिकेची परवानगीही आली.

झाड कापायची माणसे येणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी आप्पांची सून गाडी घेऊन वळणावर आली. मागच्या सीटवर तिची लहान मुलगी होती. सुनेने माझ्याकडे बघितले, मी तिला घसरगुंडी दाखवली, आणि ती वळली. समोरून गॅसच्या टाक्यांचा टेंपो आला. दोघांनी एकदमच ब्रेक दाबले. मध्ये हातभर अंतर उरले. टेंपोवाला तिला म्हणाला की बाई, आरसा बघून वळायचे असते. बघितला होता, ती म्हणाली. तिने गाडी कडेला घेतली, मुलीला छातीशी धरले आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. मग ती तडक बागेत बाकावर बसलेल्या आप्पांकडे गेली.

"आप्पा, झाडाचा काही दोष नाही. आरसा फिरलाय. फोटोच्या वेळी तुम्हीच फिरवायला लावला होता."

आप्पांनी वर पाहिले. माझे तोंड त्यांच्याकडेच होते, म्हणून सांगतो, त्यांना सगळे आठवले. त्यांचा चेहरा पडला.

"आता परवानगी आलीय," ते हळू आवाजात म्हणाले. "सकाळी माणसं येणार. आयत्या वेळी नको म्हटलं तर चार लोकांत माझं काय राहील?"

"आणि त्या झाडाचं काय राहील?"

सुनेने समितीतल्या इतरांना फोन केले. जो तो म्हणे, आप्पांना विचार. शेवटी तिने माळ्याची शिडी आणि पाना मागितला, माळ्याला शिडी धरायला लावली आणि स्वतः वर चढून मला पुन्हा रस्त्याकडे वळवले. मी इतका खूश झालो! मला वाटले, आता सगळ्यांना कळेल.

सकाळी करवती आल्या. सूनबाई झाडापुढे उभी राहिली, भांडली, पण परवानगीचा कागद कापणाऱ्यांकडे होता. मला डोळे मिटता येत नाहीत, मित्रांनो. एकेक फांदी पडताना मला बघावी लागली.

त्यानंतर वळणावर एकही गाडी दुसरीच्या अंगावर आली नाही. येईलच कशी? मी जागेवर आलो होतो ना! पण लोक म्हणाले, बघा, झाड काढले आणि वळण सुधारले. बैठकीत आप्पांसाठी टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या ऐकून माझे नट संतापाने खिळखिळे कसे झाले नाहीत, याचेच मला नवल वाटते.

परवा आप्पांची नात त्यांच्या शेजारी बाकावर बसली होती. इथले झाड का कापले, असे तिने विचारले. ते वाईट होते, त्याच्यामुळे अपघात व्हायचे, असे आप्पांनी सांगितले. सूनबाई तिथेच होती.

"नाही गं," ती मुलीला म्हणाली. "झाड चांगलं होतं. आजोबांनी आरसा फिरवला होता आणि ते कबूल करायची त्यांना लाज वाटली."

आप्पांनी हातातले वर्तमानपत्र डोक्यावर धरले. ऊन फार होते आणि बाकावर सावली उरलेली नाही.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, माझे नट तपासा, एवढे तर मी मागतोच. पण आणखी एक मागणे आहे. सूनबाईने कुंपणाशी शिरीषाचे एक रोप लावले आहे. ते अजून माळ्याच्या गुडघ्यालाही लागत नाही. त्याची सावली माझ्यापर्यंत पोचेल तेव्हा तुमचे केस पांढरे झालेले असतील. तोवर त्याला पाणी घाला. आणि उद्या कोणी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले की हे आड येते, तर आधी मान वर करा आणि माझे तोंड कुठे आहे ते बघा.