आखाजीच्या शिव्या

आमच्या पारोळ्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोरड्या नदीच्या दोन काठांवर दोन गावांच्या बाया उभ्या राहतात आणि एकमेकींना पोटभर शिव्या देतात. त्या दिवशीच्या शिवीचा राग कुणी धरायचा नसतो. अठ्ठ्याऐंशी साली माझ्या आईने, तानुबाईने, ही मुभा सरकारलाही लागू आहे असं धरलं.

माझा भाऊ भटू फौजेत होता आणि फौज श्रीलंकेत. मी सणाला माहेरी आलेली. समोरच्या गावाचा उद्धार झाल्यावर मायने पदर खोचला आणि ओरडली, “ओ दिल्ली! तुनं घर गळस, अन् मना पोऱ्याले दुसरास्ना भांडनमा धाडस! लाज वाटस का तुले?”

दोन्ही काठ गप्प झाले.

संध्याकाळी पोलीस पाटील शालिग्रामआबा दारात उभे. “फौजीची आई सरकारला शिव्या देते? समोरच्या काठावर फौजदाराची बायको होती. भटूवर बालंट येईल.” ते गेले आणि माझे वडील नुसते दाराकडे बघत बसले.

मी मायवर तुटून पडले. तिचं तोंड म्हणजे आमच्या घरावरचं संकटच. पंधरा ऑगस्टला शाळेसमोरचा झेंड्याचा ओटा दरवर्षी हौसेने हीच सारवणार, आणि सारवताना शाळेच्या फुटक्या कौलांवरून मंत्र्यांची सालं काढणारीही हीच!

“परकाले कोन बोलस वं?” ती शांतपणे म्हणाली. “जे आपलं शे, त्यालेच बोलतस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. गल्लीतली दारं पटापट लागली. मी मायला म्हटलं, मागच्या दाराने मळ्यात जा. ती हलली नाही. जीपमधून फौजदार उतरला, मागून तहसीलचे एक साहेब.

“भटू रुपचंद यांचं घर हेच का?”

माय पुढे झाली. “पोऱ्याना काही गुन्हा नही, साहेब. शिव्या मी दिध्यात. माले लयी चला.”

फौजदाराने टोपी काढली. साहेब खाली बघू लागले.

तेव्हा मायला कळलं. तिने फौजदाराचा हात धरला आणि ओढू लागली. “शिव्यासकरताच उनात ना तुम्ही? मीच दिध्यात! चला ना, माले लयी चला!” आदल्या दिवसापासून ज्या बेडीचा मला धाक होता, तीच आता मीही देवाकडे मागत होते. साहेबांनी फौजेची तार वडिलांच्या हातात ठेवली.

महिन्याभराने मंत्री घरी आले. हार, फोटो, भाषण. भाषणात त्यांनी भटूचं नाव चुकवलं. सगळी गल्ली मायकडे बघत होती. बोल ना माय, मी मनात म्हणत होते, फाड त्याला.

मायने डोक्यावरचा पदर सारखा केला, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाली, “बसा साहेब. चहा घ्या.”

एवढं अदबीने बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. जीप बघूनही वाटली नव्हती, एवढी भीती मला तेव्हा वाटली.