एक वाटी भात

"पोलादपूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे," माईकवर एवढं सांगून गंगाधर उतेकरने बटण बंद केलं आणि टेबलावरचा चहा उचलला. दिवसातला तो सहावा होता आणि अजून अकराही वाजले नव्हते.

"अहो, तो ठेवा खाली," खिडकीतून अंबिका म्हणाली. बाजाराची पिशवी खांद्याला होती आणि हातात लॅबचं पाकीट. "तीन महिन्यांची साखर सहा पूर्णांक दोन आलीय. संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचंय."

गंगाधरने कप ठेवला. त्याला एकदम रामा आठवला. थोरला भाऊ रामा मुंबईत साखरेनंच गेला होता. आधी पायाची दोन बोटं, मग पाय, मग तो.

महाड स्टँडवर वाहतूक नियंत्रक होऊन गंगाधरला सात वर्षं झाली होती. त्याआधी तो कंडक्टर होता. दिवसभर गाडीत उभं राहून, वर-खाली करून अंगावर मांस धरत नव्हतं. केबिनमध्ये खुर्ची मिळाली आणि पोट सुटायला लागलं. नोंद करायला येणारा प्रत्येक ड्रायव्हर-कंडक्टर साहेबांसाठी चहा सांगायचा, सोबत एखादा वडा. नको म्हटलं तर माणसाला वाईट वाटतं. बावन्नाव्या वर्षी वजन अठ्ठ्याऐंशी किलो झालं होतं.

संध्याकाळी डॉक्टर निशा जोशींनी कागद दोनदा पाहिला. "मधुमेह झालेला नाही," त्या म्हणाल्या, "पण असंच चाललं तर होईल. अजून मागे फिरता येतं."

"गोळी?"

"आत्ता नको. सहा महिन्यांत पाच किलो उतरवा. घाई नको, उपास नकोत. पुढची दहा वर्षं जे करता येईल, तेवढंच करा."

घरी अंबिकाने त्याचं मोठं ताट वर फळीवर ठेवून दिलं आणि लहान ताटली काढली. आधी भाजी आणि उसळ, मग एक भाकरी, शेवटी एक वाटी भात. भाताची वाटी पाहून गंगाधर म्हणाला, "हा नैवेद्य आहे का?" अंबिका हसली नाही. जावेने रामाच्या पायाला बांधलेल्या पट्ट्या तिने पाहिल्या होत्या.

सकाळी सहाला दोघं चवदार तळ्याच्या कडेने चालायला लागली. पहिल्या दिवशी एका फेरीत गंगाधरला धाप लागली आणि मोबाईलवर कुणाशी तरी बोलायचं आहे असं दाखवत तो थांबला. पंधरा दिवसांनी तीन फेऱ्या होऊ लागल्या. स्टँडवर बातमी पसरली. कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी जांभळाच्या बिया. चहा मात्र कुणी थांबवला नाही. शेवटी त्याने खिडकीवर पुठ्ठा लावला: 'चहा नको, नोंद करा.' दोन दिवस हसून झाल्यावर लोकांना सवय झाली.

सगळं सरळ झालं असं नाही. मेहुण्याच्या मुलाच्या लग्नात तो सात जिलब्या खाऊन बसला आणि आठवडाभर तळ्याकडे फिरकला नाही. "सात खाल्ल्या, आठवी नाही ना खाल्ली?" अंबिकाने चपला त्याच्या पुढ्यात टाकल्या. "चला."

तीन महिन्यांत अडीच किलो उतरले. पण त्या तीन महिन्यांत तो एकदाही गावी गेला नाही.

गाव आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. तिथे आई, बयाबाई, एकटी राहायची. ती भात वाढणार आणि आपण नको म्हणणार. मग ती कारण विचारणार. साखरेचं नाव तिच्यापुढे काढायचं गंगाधरच्या जिवावर आलं होतं.

डिसेंबरात एक दिवस गावाकडच्या गाडीचा कंडक्टर सुनील केबिनमध्ये गोणपाटाची पिशवी घेऊन आला. "नवा तांदूळ हाय, बयाआजीनं दिलाय. आनि विचारलंय, तू येतोस का मीच येऊ म्हनून."

रविवारी गंगाधर गेला.

बयाबाईने कोंबडी शिजवली होती. ताटात वाफाळता भात डोंगरासारखा रचलेला. गंगाधरने त्यातला थोडा बाजूला केला आणि बाकीचा टोपात परत टाकला.

"काय रे? बरा नाय शिजला?"

"चांगला हाय, आये. डॉक्टरनं कमी खायला सांगितलाय."

बयाबाईचा हात थांबला. "रामाला झाली तीच?"

"नाय गो. झाली नाय. व्हायच्या आधीच कळलंय, म्हनून तर सांभाळतोय."

"भातानं व्हते?"

"एकट्या भातानं नाय. बसून बसून व्हते, चहानं, वड्यांनी. पन भातपन आपला असा..." त्याने हाताने ताटावर डोंगर करून दाखवला.

बयाबाई ताटाकडे बघत राहिली. "रामा आला की त्याला असंच वाढायची मी," ती म्हणाली.

गंगाधरने रस्सा भातावर ओढून घेतला. तिने विचारलं, "मग खातोस तरी काय?"

"भाजी, उसळ. एक भाकरी. नाचनीची असली तर बरी, म्हनतात."

"नाचनी?" बयाबाईने मान वर केली. "तूच तर बंद केलीस."

ते खरं होतं. पोलादपूरच्या शाळेत डब्यातली काळी भाकरी बघून पोरं हसायची. ते गंगाधर विसरला नव्हता. एसटीत चिकटल्यावर पहिल्याच सुट्टीत त्याने आईला सांगितलं होतं, "आता ह्या घरात नाचनी शिजायची नाय. रोज भात." उतारावरची वरकस जमीन, जिथे नाचणी व्हायची, ती तेव्हापासून गवताला सोडलेली. आपण आईला सुखात ठेवलं, असं तो सव्वीस वर्षं समजत होता.

"मला आवडायची रे," बयाबाई म्हणाली. "भातानं माजं पोट भरल्यासारखं वाटत नाय. पन तू नको म्हटलास, म्हनून सोडली."

"मग बोललीस का नाय कधी?"

"तू इचारलंस कधी?"

ती उठली, वाटी घेतली आणि शेजारी बनुबाईकडे गेली. परत आली तेव्हा वाटीत नाचणीचं पीठ होतं. तिने पाणी उकळलं, उकड काढली, परातीत मळली. पहिली भाकरी थापताना कडेला चिरली. दुसरी गोल झाली. तव्यावर ती फुगली तशी बयाबाईने ती मोडून अर्धी गंगाधरच्या ताटात टाकली आणि अर्धी घेऊन त्याच्या समोरच बसली. गंगाधरने आपलं ताट संपवण्याआधी आईला जेवताना कधी पाहिलं नव्हतं. रश्शात बुडवून, उरलेल्या चार दातांनी ती सावकाश खात होती आणि त्याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

फेब्रुवारीत तपासणी झाली. वजन त्र्याऐंशी, साखर पाच पूर्णांक आठ. "असंच चालू द्या," डॉक्टर म्हणाल्या, "आता सहा महिन्यांनी या." एवढंच. बाहेर आल्यावर अंबिका म्हणाली, "पेढे नाहीत मिळणार," आणि दोघं घरापर्यंत चालत गेली.

पुढच्या पावसाळ्यात गंगाधरने चार दिवस रजा टाकली, दोन गडी लावले आणि वरकस साफ करून नाचणी लावली. दिवाळीच्या आधी कापणीला आली. बयाबाईला आता चढ जमत नव्हता. ती खाली बांधावर, डोक्यावर पदर ओढून बसली होती. गंगाधर वर जाऊन ओंजळभर कणसं घेऊन उतरला आणि तिच्या ओच्यात टाकली.

तिने ती तळहातांत चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला. बारीक तांबूस दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून चघळत राहिली. वर गड्यांनी दोनदा हाक दिली. गंगाधर तिथेच उभा राहिला, तिचं चघळून होईपर्यंत.