लांब थांब्यांची तिकिटं

स्लोव्हेनियातल्या मारिबोर स्टेशनात तिकिटांची एकच खिडकी उघडी होती आणि त्या आठवड्यात स्लावका तिसऱ्यांदा तिच्यासमोर उभी होती. आतल्या ब्रेडाने चष्मा कपाळावर सरकवला.

"आज किती जण, स्लावकाबाई? सोमवारी आठ होतात, परवा पाच."

"आज एक," स्लावका म्हणाली.

ब्रेडा आवाज खाली आणून म्हणाली, "मग रद्दच करून टाकू का सगळं?"

या सहलीचं वेड मुळात स्लावकाच्या नवऱ्याचं, द्रागोचं. मुलं लहान होती तेव्हा रविवारी सूप पिऊन झालं की तो स्वयंपाकघरातल्या रेल्वेच्या नकाशावर बोट फिरवायचा. साल्झबुर्ग, म्युनिक, झुरिक, मग डोंगर ओलांडून मिलान, व्हेनिस, आणि घरी. "सगळे मिळून जाऊ," म्हणायचा. पुढे स्लावकाची कापडगिरणी बंद पडली आणि जाणं राहून गेलं. मुलं मात्र गेली, एकेकटी. थोरला रोक साल्झबुर्गच्या एका हॉटेलात आचारी झाला, नेझा म्युनिकला विमा कंपनीत लागली, धाकटा ब्लाझ झुरिकमध्ये ट्राम चालवायला लागला. दोन वर्षांपूर्वी द्रागोही गेला.

या जूनमध्ये स्लावका सत्तरीची होणार होती. एकेकाला त्याच्या त्याच्या स्टेशनावर गाडीत घ्यायचं आणि सगळ्यांनी व्हेनिस गाठायचं, असं तिने ठरवलं. ठरवलं आधी आणि फोन केले नंतर, हेच चुकलं.

"आई, जूनमध्ये हॉटेल तुडुंब असतं गं," रोक म्हणाला. त्याची बायको आणि मुलगी त्याच्याशिवाय कशी येणार? नेझा वैतागली, "आधी विचारायचंस ना! पोराची शाळा आहे, नवऱ्याची रजा संपलीये." ब्लाझने दोन शब्द लिहून पाठवले, 'जमणार नाही.' वडिलांच्या दफनाच्या दिवशी तो जेवणावरून मधेच उठला होता, गाडी चुकेल म्हणून. "तुला बापापेक्षा गाडी मोठी," असं स्लावका सगळ्यांदेखत बोलून गेली होती. तेव्हापासून त्यांचं बोलणं नव्हतंच.

"रद्द नको," स्लावका ब्रेडाला म्हणाली. "मार्ग तोच ठेव. फक्त जिथे गाडी बदलायची, तिथे थांबा लांब दे. साल्झबुर्गला पाऊण तास तरी. म्युनिकला जास्त मिळाला तर बघ. आठ दिवस त्यांना जमत नाहीत, पण फलाटावर येऊन जातील."

"लोक माझ्याशी भांडतात, गाडीची इतकी वाट कशाला बघायची म्हणून. वाट बघायला मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मागे सायकल घेऊन उभा असलेला माणूस जोरात खाकरला.

"दम धरा हो," ब्रेडा त्याच्यावर ओरडली, "तुमची गाडी अजून ऑस्ट्रियातच आहे!" आणि तिने शांतपणे एकेक गाडी शोधायला घेतली. झुरिकला रात्रीचा मुक्काम करावा लागणार होता. ब्लाझकडे एकच खोली, त्यात हा अबोला. स्लावकाने एक साधं लॉज ठरवलं आणि सगळ्या वेळा लिहून तिघांना पत्रं टाकली.

निघायच्या आदल्या दिवशी तिने अक्रोडाची पोतित्सा, सणासुदीचा गोड पाव, भाजली, गार झाल्यावर कापली आणि तिचे तीन पुडे बांधले.

साल्झबुर्गला रोक आला. अंगात आचाऱ्याचा पांढरा कोट, हाताशी आठ वर्षांची मुलगी, एमा. त्याने उभ्या उभ्या दोन तुकडे खाल्ले. "तुझ्यासारखी कुणालाच जमत नाही," म्हणाला, पण नजर सारखी घड्याळाकडे. एमा जर्मनमध्ये भराभर काहीतरी सांगत होती. स्लावकाला त्यातलं मांजर तेवढं कळलं. "ती म्हणतेय, आजी आमच्या मांजराला बघायला का येत नाही," रोकने सांगितलं. स्लावका उत्तर जुळवत होती, तेवढ्यात त्याची निघायची वेळ झाली. गाडी सुटायला अजून वीस मिनिटं होती.

म्युनिकला दीड तास होता. स्लावका पुडा मांडीवर घेऊन बाकावर बसली. नेझासारख्या निळ्या कोटातली बाई दिसली की ती अर्धी उठायची. तासाभराने फोनवर नेझाचा मेसेज आला. 'मीटिंग लांबली गं. सॉरी. येताना भेटू ना?' येतानाची गाडी म्युनिकवरून नव्हती. नेझाने पत्र वाचलंच नव्हतं म्हणायचं. 'काळजी करू नकोस,' एवढंच स्लावकाने लिहिलं.

झुरिकच्या लॉजमध्ये तिला झोप लागली नाही. सकाळी ती मिलानच्या गाडीत खिडकीपाशी बसली आणि फलाटाकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं. दारं बंद व्हायला आली तेव्हा कुणीतरी धापा टाकत डब्यात शिरलं.

"आई, सरक जरा."

ब्लाझ. ट्रामच्या गणवेशात, दाढी वाढलेली.

"अरे, गाडी सुटतेय!"

"सुटू दे. झुगपर्यंतचं तिकीट काढलंय."

झुग पंचवीस मिनिटांवर. पहिल्या दहा मिनिटांत त्याने आपला पुडा संपवला, मग नेझाचाही उघडला.

"त्या दिवशी गाडीचं निमित्त होतं," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "बाबांच्या खुर्चीत मामा बसला होता. मला बघवेना."

"मग बोलायचंस ना तसं."

"तू बोलू दिलंस?"

स्लावकाने त्याच्या बाहीवरची साखर झटकली आणि हात तिथेच राहू दिला. झुगला तो उतरला. गाडी हलल्यावर खिडकीबरोबर चालत राहिला, मग फलाट संपला. पुढच्या बोगद्यात स्लावका पोटभर रडली. समोरच्या प्रवाशाने वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

व्हेनिसला ती दुपारी पोचली. स्टेशनाच्या पायऱ्या उतरल्या की समोर पाणीच. तिने फोटो काढून तिघांना पाठवला. रोकचा अंगठा आला, नेझाचं लाल हृदय आलं. ब्लाझ ट्रामवर असणार. ती पायरीवर बसली, बूट सैल केले. इथे आल्यावर द्रागो आधी काय म्हणाला असता, ते तिला कितीही विचार केला तरी सुचेना.

"जरा आमचा फोटो काढाल का?" एका जर्मन बाईने फोन पुढे केला. मागे तिचा नवरा, तीन मुलं आणि एक म्हातारी.

स्लावकाने फोन डोळ्यांसमोर धरला. "जवळ या," ती मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली. "आणखी जवळ. आजी दिसत नाहीयेत."

तिने तीन फोटो काढले, फोन परत दिला आणि बॅग उचलून इथल्या लॉजचा रस्ता विचारायला निघाली.