औषधाच्या बाटल्यांची बुचं

ही हकीकत कुणालाही खरी वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याला फिन्लो क्रेगीन केकचा दुसरा तुकडा देत नाही. इतक्या भोळ्या माणसाला गोड पचत नाही, असं त्याचं म्हणणं. लग्नाच्या वाढदिवसाला दरवर्षी चॅपेलच्या मागच्या खोलीत चहा असतो. फिन्लोची बायको व्हॉरी किटली फिरवते, तिची नव्वदीची आई किनिशबाई शेगडीजवळ डोळे मिटून बसते, आणि फिन्लो घसा खाकरतो.

लग्नाच्या सकाळी फिन्लोच्या तोंडचं पाणी पळालं होतं, एवढं तरी सगळे मानतात.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी समुद्राचा देव मॅनॅन यानं आपला शेला बेटावर पांघरला. धुकं असं, की स्वतःचे बूट बघायला वाकावं लागे. मोटरसायकलींची शर्यत रद्द झाली आणि दुसऱ्या दिवसावर गेली, म्हणजे नेमकी लग्नाच्या दिवसावर. शर्यतीचा रस्ता गोल फिरून येणारा, तो दुपारी बाराला बंद होणार होता. एकदा दोर लागला की आतला आत आणि बाहेरचा बाहेर. मग राणीसाहेब आल्या तरी संध्याकाळपर्यंत पलीकडे जाता येत नाही. व्हॉरी बाल्डविनला मावशीकडे, म्हणजे आत, आणि लग्नाचं चॅपेलही आतच. तिची आई बॅलासालाला, म्हणजे बाहेर. आणि व्हॉरीनं फिन्लोला बजावलं होतं, "आई आली नाही तर मी उभी राहणार नाही. मग तू कुणाशीही लग्न कर."

म्हणून नवरदेव स्वतः सासूला आणायला निघाला, बापाच्या युद्धाआधीच्या गाडीवर, बाजूला साइडकार जोडून. साइडकारला हेरिंगचा वास होता, कारण एरवी त्यातून धुरी दिलेली मासळी जायची. बाईंच्या रेशमी झग्याला तेल लागू नये म्हणून त्यानं पान्यांची पिशवी घरीच ठेवली होती. त्या जागेत बाईंनी लग्नाच्या चहासाठी बाटल्यांची पेटी ठेवली. किनिशबाई दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षा. बाटल्यांत एल्डरबेरीचं औषध होतं. ते औषध घेतलं की मंडळाच्या बायका गाऊ लागत, पण ते औषधच.

"वेळेवर पोचू ना?" बाईंनी टोपीत पिन खोचत विचारलं.

"वेळ हवा तेवढा आहे," फिन्लो म्हणाला. या बेटावर हे वाक्य उच्चारून आजवर कुणी वेळेवर पोचलेलं नाही.

"देवाच्या मनात असेल तर पोचू. नसेल तर तीही खूणच समजायची," बाई म्हणाल्या. फिन्लोवर त्यांचा तसा राग नव्हता. फक्त त्याचा धंदा, त्याचे केस आणि त्याची गाडी त्यांना पसंत नव्हती.

मग तो पूल आला. त्या पुलाखाली ती मंडळी राहतात, म्हणजे ती छोटी, अदृश्य माणसं, ज्यांना परी म्हटलेलं खपत नाही, आणि पुलावरून जाताना त्यांना नमस्कार करायचा असतो. परदेशातून आलेले शर्यतवालेसुद्धा मुकाट्यानं करतात. फिन्लो सांगतो, की त्यानं टोपीला हात लावून खणखणीत आवाजात "नमस्कार, मंडळी" म्हटलं. किनिशबाई मात्र पाठ ताठ करून, ओठ घट्ट मिटून बसल्या. चॅपेलच्या बाईनं पुलाखालच्यांना नमस्कार करावा हे शोभतं का?

पूल संपतो न संपतो तोच इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र थबकली. जळक्या लाकडासारखा वास आला. क्लच गेला होता.

फिन्लोनं गाडी ढकलून पुलाच्या कठड्याशी लावली. पाना नाही, पक्कड नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सारं बेट शर्यत बघायला जागा धरून बसलेलं. डोळ्यांपुढे युनियन मिल्सच्या नाक्यावर शर्यतीचा रस्ता अडवणारा तो दोर दिसत होता आणि दोरापलीकडे पांढऱ्या झग्यातली व्हॉरी.

"काय झालं?"

"काही नाही. क्लच."

"काही नाही, तर घाम कशाला?"

बाईंनी लग्नासाठी घेतलेल्या केक कापायच्या सुरीच्या टोकानं त्यानं साखळीवरचं पत्र्याचं झाकण काढलं. आत स्प्रिंगांचे नट. ते फिरवायला दोन दातांचा खास पाना लागतो. फिन्लो हताश होऊन बाईंकडे बघत राहिला. त्यांच्या मांडीवर मुलीला द्यायचा, जेवायच्या तीनदाती चांदीच्या काट्यांचा संच होता.

"बाई, एक काटा द्याल? मधला दात मोडावा लागेल."

"आईचे काटे आहेत माझ्या." बाईंनी एक काटा काढून पुढे केला. "मोड. मधले दात माझेही गेलेत, अडलं नाही काही."

नट सुटले. त्यानं प्लेटा बाहेर काढल्या. जुन्या गाड्यांच्या क्लचच्या प्लेटांना भोकं असतात आणि भोकाभोकांत बूच बसवलेलं असतं. त्या बुचांच्या जोरावर प्लेट प्लेटीला धरते. इथं बुचांचा कोळसा झाला होता.

"बूच म्हणजे बाटलीचं असतं तेच?" बाईंनी विचारलं.

फिन्लोनं मान डोलावली. दोघांची नजर एकदमच पेटीकडे गेली.

"औषध आहे ते," बाई म्हणाल्या.

"मला ठाऊक आहे, बाई."

"मंडळाला काय सांगू?"

"सांगा, गाडी आजारी होती."

बाईंनी टोपीची पिन उपसली आणि स्वतःच एकेक बूच उपटायला लागल्या, ते इतक्या सराईतपणे, की फिन्लोनं नजर वळवली. औषध ओढ्यात ओतलं. (तिथले मासे पुढे दोन दिवस उलटे पोहत होते, आणि एक तर भजन म्हणत होता, असं फिन्लो सांगतो. इथं पहिला माणूस हसतो.) सुरीनं बुचांच्या चकत्या केल्या. बाईंच्या थर्मासमधल्या गरम चहात भिजवून मऊ केल्या, काट्याच्या मुठीनं भोकांत ठोकून बसवल्या, आणि वर आलेल्या कडा कठड्याच्या दगडावर घासून सपाट केल्या. घासता घासता फिन्लोच्या बोटांची सालं निघाली.

डोंगराकडून इंजिनांची घरघर यायला लागली. शर्यतवाले गाड्या तापवत होते.

"परत जोडायला किती वेळ?" बाईंनी विचारलं. या खेपेला फिन्लोनं वेळ हवा तेवढा आहे म्हटलं नाही.

प्लेटा बसल्या, नट बसले. गाडी सुरू झाली. त्यानं गिअर टाकला, हळूच क्लच सोडला. इंजिन ओरडलं, गाडी जागच्या जागी. पुन्हा केलं. पुन्हा तेच. चहानं ओली झालेली बुचं साबणासारखी घसरत होती, पण फिन्लोला कारण वेगळंच दिसत होतं. त्यानं टोपी काढून हात जोडले.

"बाई, पाया पडतो. त्या मंडळींना एकदा नमस्कार करा. त्याशिवाय ही हलायची नाही."

बाई ओढ्याकडे तोंड करून पुटपुटल्या, "नमस्कार, मंडळी."

आणि गाडी अशी उसळली, की बाईंची टोपी मागच्या शेतात गेली. एक मेंढी ती घालून वर्षभर मिरवत होती. युनियन मिल्सला पंच दोर ओढतच होता. फिन्लो मान खाली घालून दोराखालून गेला, बाई छत्रीनं दोर वर उचलत गेल्या. मागून पंचाच्या शिव्या आल्या, आणि शिव्यांच्या मागून शर्यतीतली पहिली गाडी. चॅपेलच्या दारात व्हॉरीनं आधी आईला मिठी मारली, मग नवऱ्याचे काळे हात बघितले.

"तर सांगायचं काय," फिन्लो दरवर्षीप्रमाणे म्हणाला, "माणूस कितीही देवभोळा असो, पुलावर नमस्कार चुकवू नये. माझ्यासारख्यानं केला म्हणून निभावलं. बाईंनी केला नाही, म्हणून क्लच गेला."

सगळे हसले. व्हॉरीनं किटली उचलली. आणि शेगडीजवळून, डोळे न उघडताच, आवाज आला.

"खोटं आहे ते."

सगळ्यांच्या माना शेगडीकडे वळल्या.

"मासे सोड, मेंढी सोड," किनिशबाई म्हणाल्या. "पण नमस्कार मी जातानाच केला होता, हातमोज्याआड तोंड घालून. तूच बसला होतास गप्प, ओठ शिवल्यासारखा, चॅपेलच्या बाईसमोर शहाणा दिसायला. आता सांग सगळ्यांना, क्लच कुणामुळं गेला ते."